महादेवच्या नावाचे दिवे

"गाऱ्हाण्याक जो 'व्हय' म्हणता, तो तेचो वाटेकरी होता. तोंड उघडूच्या आधी बघ, कशाक व्हय म्हणतंस."

नवी नवरी होऊन आली तेव्हा सासऱ्यानं सांगितलेलं हे पद्मावतीच्या कानात आज पुन्हा वाजत होतं. म्हातारा सातेरीच्या देवळाचा गुरव होता. आता त्याच्या जागी तिचा थोरला दीर शंभू देवीला गाऱ्हाणं घालायला, गावाच्या वतीनं मागणं मागायला, नारळ घेऊन उभा होता. मागं सगळा गाव हात जोडून. पद्मावतीचे हात काही केल्या जुळत नव्हते.

सभामंडपाच्या खांबाखांबावर नवे दिवे बसवले होते. हॉटेलांत, दुकानांत असतात तसले, लांबट, पत्र्याच्या अंगाचे. धुतलेल्या फरशीवर अनवाणी उभ्या बायका त्यांना झेंडूच्या ओल्या माळा घालत होत्या. पाणी पत्र्यावरून ओघळत होतं. पत्र्यावर लाल अक्षरं होती : कै. महादेव यांच्या स्मरणार्थ, कृष्णनाथ यांजकडून.

महादेव तिचा नवरा. कृष्णनाथच्या डिचोलीच्या दुकानात वायरमन. दोन पावसाळ्यांमागं हरमलच्या एका हॉटेलात असलाच दिवा लावताना शिडीवरून पडला, तो उठलाच नाही. कृष्णनाथनं तिरडीपाशीच सांगितलं, पिऊन चढला होता बिचारा. गावानं मान हलवली. सख्ख्या भावानंही. वर कृष्णनाथनं विधवेला दुकानाच्या गल्ल्यावर बसवलं, तेव्हा गाव म्हणाला, केवढं मन! पद्मावतीला वेगळंच ठाऊक होतं. पण पोरीच्या ताटातला भात त्या गल्ल्यावरून येत होता. ठाऊक होतं ते तिनं गिळलं.

गेल्या आठवड्यात कंपनीचा माणूस दुकानात आला. तिच्यादेखतच बोलला. या दिव्यांत खोट निघाली आहे, ओल लागली की पत्र्यात करंट उतरतो. विकलेले सगळे परत घ्या, तारा कापा, मोडून टाका. कृष्णनाथनं परत घेतले, मोडले मात्र नाहीत; सातेरीच्या देवळाला द्यायचे ठरवले. देवळात नको शेठ, असं ती म्हणाली तर तो हसला. "सातेरीच्या दारात कसलो करंट? थंय तिचोच करंट." मग आवाज उतरवून म्हणाला, गल्ल्यावर बसायला डिचोलीत पोरी पुष्कळ मिळतात.

तेव्हापासून भाताच्या तुसासारखी ती आतल्या आत धुमसत होती.

शंभूनं सूर लावला. "बाये सातेरी, तुझ्या लेकरान, कृष्णनाथान, तुझो मांडव उजेडान भरलो. तेच्या घराक बरकत दी. आणि ज्याच्या नावाचे हे दिवे, त्या माझ्या भावाची चूक पोटात घाल."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

कृष्णनाथचा हात बटणाकडे गेला. समोरच्या खांबाशी टाचा उंचावून तिची पोर गंगा दिव्यावर माळ चढवत होती. पद्मावती गर्दी कापत गेली, तिनं त्याचा हात झिडकारला आणि बटणाला पाठ लावून उभी राहिली. कोणी म्हणालं, अगे, गाऱ्हाणं मोडतंस? तिनं ऐकलं नाही. ती दिराकडे बघत होती.

"भावजी, तो श्रावणी सोमवार होतो. तेच्या पोटात च्याचो घोट पण नव्हतो, दारू खंयची? तुमच्या भावाक ह्या दिव्यान मारल्यान. आणि ज्याका तुम्ही आता बरकत मागलास, तेका ता ठावक आसा."