दहापैकी नऊ

लॅबच्या खिडकीतून रिपोर्ट हातात आला आणि छगनचा जीव भांड्यात पडला. बाकी सगळं इंग्रजी होतं, पण आकडा ठळक होता: दहापैकी नऊ.

कोरीटच्या शाळेत त्याची मजल कधी चारच्या पुढे गेली नव्हती. आता साठी उलटल्यावर, प्रोस्टेटच्या गाठीचा तुकडा तपासायला देऊन, हा पठ्ठ्या पहिल्याच झटक्यात नऊ घेऊन बसला. कॅन्सर निघाला तर आपण जगणार किती, या एकाच विचाराने आठवडाभर त्याला घास उतरत नव्हता. त्याने तिथूनच बायकोला, सिंधुबाईला, फोन लावला.

"माले दहामा नऊ पडनात."

पलीकडे ती रडलीच. मग डोळे पुसून म्हणाली, आज खापरावरच्या पुरणपोळ्या करते.

छगनला नाचावंसं वाटत होतं. पण शेजारी वाहरू उभा होता आणि त्याच्या कागदावर सहा होते. दोघांच्या केळीच्या मळ्यांचा बांध एक, लघवीची तक्रार सारखी, तपासणीही एकाच दिवशी झालेली. आणि या बिचाऱ्याला काठावर सोडलेलं. छगनला आपल्याच आनंदाची लाज वाटली. वाहरूला हाताला धरून त्याने हॉटेलात नेलं, पुढ्यात गरम जिलेबी ठेवली. वाहरूने एक कडं मोडलं आणि तसंच ठेवून दिलं.

"सहा म्हंजे पासच शे," छगन म्हणाला. "आनि काही व्हयनंच तर तुन्ही केळी मी देखसू. मी शे ना."

डॉक्टरांकडे दोघे एकदमच आत गेले. छगनने जिलेबीचा वेगळा बांधून घेतलेला पुडा टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट वाचले, परत वाचले.

"सहा कोणाचे?"

वाहरूने वर्गात करतात तसा हात वर केला.

"घाबरू नका, वाहरूभाऊ. यात सहा म्हणजे सगळ्यात सौम्य. नीट तपासत राहिलं की बहुतेकांना पुढे काही त्रास होत नाही. आकडा जितका चढतो, तितका आजार जोरात असतो."

मग त्यांनी जिलेबीचा पुडा हलकेच बाजूला सारला.

"छगनभाऊ, तुमच्यासोबत घरचं कोणी आहे?"

वाहरूने छगनचा हात धरला.

"मी शे ना, साहेब."