बँकेच्या नावावरचं घर

माझ्या मोठ्या मुलाने, यशोवर्धनने, मेक्सिकोत समुद्रकाठी घर घेतलं. तिथे किनाऱ्यालगत परदेशी माणसाच्या नावावर घर होत नाही. ते बँकेच्या नावावर, ट्रस्टमध्ये राहतं. राहायचा, विकायचा हक्क मात्र त्याचाच.

मला काही ते पटेना. फोनवर दोनदा विचारलं, "अरे, कागदावर तुझं नावच नाही. उद्या बाहेर काढलं तर?"

"अप्पा, बँकेने सगळं करारात लिहून दिलंय," तो हसला.

फोन ठेवून जेवायला बसलो, तरी माझं तेच पालुपद चालू होतं. बारा वर्षं मला सांभाळणारी माझी लेक भूमिका ताटातल्या भातावर सारू वाढत म्हणाली,



"हे बसवनगुडीचं घर यशोवर्धनअण्णाच्या नावावर केलंत, तेव्हा मला म्हणालात, 'तुला कोण बाहेर काढतंय?' अण्णाला निदान बँकेने लिहून तरी दिलंय, अप्पा."