एकच प्रेक्षक

खटकचिंचोळीच्या बसवमंटपात पंचाक्षरी डिजिटल हक्कांवर पोटतिडकीनं बोलत होता. "न इचारता तुमचा फोटो जगाला दाखवायचा कुणालाच हक्क न्हाई!" समोर बायका भजी खात ऐकत होत्या. गर्दी दिसावी म्हणून त्यांच्याकडं वळवलेल्या त्याच्या फोनवरून भाषण लाईव्ह चाललं होतं. बघणारा मात्र एकच. निदान एकाला तरी विषयाची कळकळ आहे, म्हणून गड्याचा आवाज आणखी चढला.

तेवढ्यात त्या बायकांतल्या कमलम्माचा फोन वाजला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला, मग ती ताडकन उठली.

"अण्णा, बारशाला जायचं चुकवाय खजुरी गावच्या नणंदेला मी ताप आलाय म्हून सांगितलंतं. ती मला तुझ्या लाईव्हवर भजी खाताना बघायलीय. मला इचारलंतास का?"