आडवी होणारी सीट

नवऱ्याच्या पट्ट्याला पाडलेलं नवं भोक बाकीच्या भोकांच्या रेषेत नव्हतं. जरा वर सरकलेलं होतं, कडाही खरबरीत होत्या. घरीच खिळ्याने पाडलेलं असणार. शोरूममधल्या लाल गाडीतून उतरताना त्याने पँट वर ओढली तेव्हा तिला ते दिसलं. तिने पटकन नजर फिरवली.

"बोला मॅडम, लाल की राखाडी?" गोलमटोल सेल्समन किल्ल्या खुळखुळवत म्हणाला.

"फरक काय दोघींत?"

"जुळ्या बहिणी आहेत हो. इंजिन तेच, पिकअप तोच. लाल जरा बसकी, राखाडी जरा ऐसपैस. चारचौघांचं घर मावतं, आणि पाय दाबला की वाऱ्यासारख्या पळतात. साहेब कधीपासून खेपा घालतायत, पण ठरत नाही. शेवटी मीच म्हटलं, साहेब, दोन्ही घेऊन टाका!"

ती हसली. नवरा हसला नाही.

"चालवणार ही आहे," तो म्हणाला. "हिलाच विचारा."

हे अलीकडचं होतं. लग्नानंतर इतकी वर्षं त्याने तिला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. "गाडी आहे ती, मिक्सर नाही," म्हणायचा. मग एक दिवस अचानक त्याने स्वतःच तिचं नाव ड्रायव्हिंग क्लासमध्ये घातलं. पाठोपाठ बँकेचं ॲप शिकवलं, विम्याची कागदं कुठल्या कप्प्यात असतात ते दाखवलं, पाण्याचा पंप अडला तर काय करायचं तेही. "तुला एकटीला जमलं पाहिजे सगळं," असं तो तिच्याकडे न बघता म्हणायचा.

ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. लोकांच्या रक्तात काय चाललंय ते त्यांच्याआधी तिला कळायचं, आणि कळलेलं चेहऱ्यावर उमटू द्यायचं नाही, हाही कामाचाच भाग होता. नवऱ्याची लक्षणंही तिने तशीच, गाजावाजा न करता टिपली होती. उतरलेलं वजन. साखर बंद. गुरुवारी घरी यायला उशीर, आणि दर वेळी कारण वेगळं. फोन वाजला की गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलणं. एकदा तिने सहज पाठीवर हात ठेवला, तर त्याने अंग चोरून घेतलं. कुठे दुखत होतं कोण जाणे. त्याने केस काळे केले त्या दिवशी तर तिला भडभडून आलं. चेहऱ्याचा फिकटपणा झाकतोय बिचारा.

"एकदा लॅबमध्ये येऊन रक्त देऊन जा ना," ती म्हणाली होती.

"मला काय धाड भरलीये?" तो खेकसला होता.

त्यानंतर तिने विचारलं नाही. त्याला बळ आलं की तो सांगेल. तेव्हा आपण कोसळायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

लाल गाडी तिने चालवली. तो शेजारी बसून सांगत राहिला, "आरशात बघ. दचकू नकोस, जाऊ दे त्याला पुढे." परत आल्यावर ती वाकून त्याच्या सीटखालचा दांडा चाचपू लागली.

"ही पूर्ण मागे जाते का? म्हणजे माणसाला आडवं होता येईल इतकी?"

"लालची नाही जात. राखाडीची जाते, अगदी पलंग होतो," सेल्समन म्हणाला.

"गाडीत कोण झोपणारे?" नवरा करवादला.

"असंच विचारलं."

मोठं हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. वाटेतले गतिरोधक तिच्या डोळ्यांसमोर येऊन गेले.

राखाडी त्याने चालवायला घेतली. मोकळा रस्ता लागताच त्याने स्पोर्टचं बटण दाबलं. गाडी उसळली आणि तो मोठ्याने हसला. लग्नाच्या आधी हसायचा तसा. ती दारावरची मूठ घट्ट धरून त्या हसण्याकडे बघत राहिली.

परत आल्यावर तो मागच्या सीटवर जाऊन बसला आणि गादीच्या फटीत हात घालून काही शोधू लागला.

"लहान मुलांची सीट इथेच अडकवतात ना? दोन्ही गाड्यांत सोय आहे?"

"आहे की! नातवंडं वाटतं?"

तो फटीतला हूक चाचपत राहिला. मुलीचं लग्न आत्ता गेल्या वर्षी झालेलं, तिच्याकडून अजून काही बातमी नव्हती. जे स्वतःला बघायला मिळणार नाही त्याचीही सोय करून ठेवतोय हा माणूस.

"गाडी कोणाच्या नावावर?" टेबलाशी बसल्यावर सेल्समनने विचारलं.

"हिच्या. फक्त हिच्या."

सेल्समन कागद आणायला आत गेला. तिने नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. या वेळी त्याने तो काढून घेतला नाही.

"पुरे आता," ती हळू म्हणाली. "मला माहितीये."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "काय माहितीये?"

"सगळं. तुमचे गुरुवारसुद्धा. मी रडणार नाही, आदळआपट करणार नाही. तुम्ही एकटे मनात कुढत होता, त्याचंच वाईट वाटत होतं मला. आता बोलून टाका."

त्याचे खांदे सैल पडले, डोळे भरून आले.

"जीव नुसता टांगणीला लागला होता गं. तुला कसं सांगावं तेच कळेना. तू इतकं शांतपणे घेशील असं वाटलं नव्हतं. तिलाही नव्हतं वाटलं."

तिचा हात त्याच्या हातावर तसाच राहिला.

"रविवारी मी तिकडे राहायला जातो," डोळे पुसत तो म्हणाला. "राखाडी तू घे, तुला ती सीट आवडली. आम्हाला लाल चालेल. बाळाची सीट तिच्यातही बसते."