कोर्ट उठेपर्यंत

“साहेब उठून गेले की तू मोकळी,” वकील मालनला म्हणाले आणि पुढच्या केसला पळाले. नळावरच्या भांडणात शेजारणीच्या डोक्यात कळशी घातल्याचं तिने कबूल केलं होतं. पहिलाच गुन्हा म्हणून न्यायाधीशांनी तुरुंगात न धाडता दंड केला, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायची शिक्षा दिली.

शेवटच्या बाकावर एक म्हातारा अंग चोरून बसला होता. दुपार कलली तरी त्याच्या नावाचा पुकारा झाला नाही.

“बाबा, तुमची केस कधी?”

“झाली की. मलाही हीच शिक्षा. पण आमचे साहेब लिहिता लिहिता खुर्चीतच गेले. लोकांनी उचलून नेलं त्यांना. ते काही उठले नाहीत.”

“कधी झालं हे?”

“तेव्हा इथे पंखे नव्हते.”

मालनने वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. सव्वापाचला न्यायाधीश उठले, सगळे उभे राहिले, खोली रिकामी झाली. म्हातारा बसूनच होता. मालन दारापर्यंत गेली, थबकली, मग पदर खोचून थेट वर चढली आणि न्यायाधीशांच्या खुर्चीत बसली. म्हाताऱ्याने हात जोडले.

ती उठली.

कुलूप लावायला आलेल्या पट्टेवाल्याने सगळं पाहिलं. आता हा पोलिसांना हाक मारणार, म्हणून ती मान खाली घालून त्याच्यासमोरून बाहेर पडली. जिन्यावरून तिने वळून पाहिलं, तर तो अजून दार उघडं धरून उभा होता, मागून कुणीतरी सावकाश येत असावं तसा.