डाग न पडणारा ओटा

ओट्यासाठी तिने गावातली दुकानं पालथी घातली आणि हुबेहूब संगमरवर वाटणारा, पण कशाचाही डाग न पडणारा नकली दगड बसवून घेतला. थोरल्या जाऊबाईंना मात्र 'अस्सल संगमरवर आहे' असं ठोकून दिलं.

जाऊबाई बघायला आल्या आणि त्यांच्या हातातला लिंबाचा चहा अगदी चुकून, अख्खा कपभर, ओट्यावर सांडला. पुसल्यावर दगड पुन्हा लख्ख.

"अगं, माझ्या संगमरवरावर एका थेंबाचा डाग पडला तो जन्माचा. तुझ्या ओट्यावर कसा नाही पडला?"

"नवा आहे ना, वहिनी. उद्यापर्यंत उमटेल," ती बोलून गेली.

"बरं. मग उद्या येते बघायला."

सकाळी त्या दगडाच्या दुकानाचं शटर वर जायच्या आधीच ती दारात हजर होती.

 

"दादा, एखादा डाग दाखवा ना. खऱ्यासारखा दिसणारा, पण टिकाऊ."