आधी कपात

समजा, तुम्ही वाशीच्या नव्या कॉलनीत ॲग्नेस आंटीच्या स्वयंपाकघरात छोट्या सुनीतीशेजारी उभे आहात. साल एकोणीसशे ब्याऐंशी, नाताळ उद्यावर आलेला. ओट्यावर घरी केलेल्या वाइनच्या दोन बरण्या आहेत. एक आंबट निघाली आहे, दुसरी नुसतीच गोड. उद्या सगळा गोतावळा येणार, म्हणून आंटीचं तोंड उतरलं आहे.

"आंबट ओतून टाका ना," सुनीती म्हणाली. तिचं सगळं असंच झटपट. सोसायटीतल्या मुलांचं समूहगीत तीच बसवत होती, आणि कालच तिने त्यातून खालच्या मजल्यावरच्या चारुलताला काढलं होतं, कारण चारूचा आवाज जाड. गाणं आता गोड झालं होतं, पण ऐकून कुणाचीच मान डोलत नव्हती.

"ओतून टाकू? अगं बाय, मग उरेल तो नुसता पाक!" आंटीने चहाच्या कपात थोडी गोड वाइन घेतली, तीत चमचाभर आंबट घातली, चाखली आणि तोंड वाकडं केलं. मग आणखी एक चमचा आंबट. या वेळी ती हसली.

"एकदम बरणीतच का नाही मिसळलंत?"

"आणि बिघडलं तर? परत वेगळं करता येतं काय? आधी कपात बघायचं."

सुनीतीने कप हुंगला. असा वास दोन्हींपैकी एकाही बरणीला नव्हता.

ती धावत खाली गेली आणि चारुलताच्या दाराची कडी वाजवली. "रागावलीयस ना? रागाव. पण इथे जिन्यातच माझ्याबरोबर एक ओळ म्हणून बघ. एकच."